शितावरून भाताची परीक्षा, पण शीत कुठून उचललं?

पोस्ट लांब आहे. खाणी, रॉयल्टी, लिलाव यात रस नसेल तर खुशाल पुढे जा, राग नाही. पण ज्यांच्या जिल्ह्यात खाण आहे किंवा येऊ घातली आहे त्यांनी तरी वाचावी.

हल्ली खनिजांवरचा कुठलाही कार्यक्रम बघा, "एआयच्या मदतीने" हे शब्द येतातच. २०२५ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि इंडिया एआय यांनी मिळून खनिजशोधासाठी हॅकेथॉनही घेतली. चांगली गोष्ट आहे. माझा या तंत्राला विरोध नाही, पोट त्याच्यावरच चालतं. भूशास्त्र शिकलो, गोव्यात लोहखनिजाच्या खाणीवर काही वर्षं काढली, २०१२ साली तिथलं सगळं थांबलं तेव्हा डिचोली तालुक्यात होतो. नंतर नागपूरला परतलो. आता जमिनीखाली किती खनिज आहे आणि कोणत्या ग्रेडचं आहे याचे अंदाज काढून देतो. त्यातलं गणित पूर्वी एका पद्धतीने व्हायचं, आता दोन पद्धती एकत्र करून होतं. हे गणित तुमच्या-माझ्या खिशाशी कुठे येऊन भिडतं ते सांगायचं आहे.

आधी ग्रेड म्हणजे काय. शंभर किलो लोहखनिजात लोह किती किलो, ती त्याची ग्रेड. ६२ टक्के म्हणजे चांगला माल. आणि हा आकडा नुसता शास्त्राचा नसतो, त्याच्यावर पैसा ठरतो. लोहखनिजावर रॉयल्टी आहे सरासरी विक्री किमतीच्या १५ टक्के, आणि ही सरासरी किंमत इंडियन ब्युरो ऑफ माइन्स (मुख्यालय आमच्याच नागपुरात) ग्रेडच्या टप्प्यांप्रमाणे जाहीर करतं. ५५ ते ५८, ५८ ते ६०, ६० ते ६२, ६२ ते ६५, असे टप्पे. टप्पा बदलला की दर बदलला. रॉयल्टीवर पुन्हा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा ठरतो, म्हणजे खाणीशेजारच्या गावातली शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी. लिलावात घेतलेल्या खाणीला रॉयल्टीच्या १० टक्के, २०१५ आधीच्या जुन्या पट्ट्यांना ३० टक्के.

निर्यातीचं तर आणखी गमतीदार आहे. २०१६ पासून ५८ टक्क्यांखालच्या खनिजावर निर्यात शुल्क शून्य, त्यावरच्या मालावर काही अपवाद सोडले तर ३० टक्के. मध्ये मे ते नोव्हेंबर २०२२ सरसकट ५० टक्के झालं होतं, मग पुन्हा जुन्यावर आलं. म्हणजे ५७.९ आणि ५८.१ यांच्यात शास्त्राच्या दृष्टीने काही फरक नाही, पण जहाजभर मालावर तो फरक कोटींचा आहे. लोहाचं प्रमाण ओल्या वजनावर धरायचं की सुक्या, एवढ्याच प्रश्नावर आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेलेलं आहे. ओल्या वजनावर धरलं की टक्का आपोआप खाली येतो ना! ज्याला ५८ च्या आत राहायचंय त्याला पाणीसुद्धा प्रिय.

हे झालं माल बाहेर काढल्यावरचं. माल जमिनीत असतानाच त्याची किंमत ठरते ती लिलावासाठी. ब्लॉकमध्ये अंदाजे किती खनिज, कोणत्या ग्रेडचं, त्यावरून 'अंदाजित साठ्याचं मूल्य' काढतात. बोली जिंकणाऱ्याने आगाऊ भरायची रक्कम त्याच्या अर्धा टक्का, कामगिरीची हमी म्हणून आणखी अर्धा टक्का. बोली लावायला कोण पात्र, तेसुद्धा या मूल्यावरून ठरतं. आकडा कमी निघाला तर सार्वजनिक मालमत्ता स्वस्तात गेली. जास्त निघाला तर खाण घेणारा दोन वर्षांत हात वर करतो, आणि ज्यांनी नोकरीच्या आशेवर जमिनी दिल्या ते बसतात वाट बघत.

आता हा आकडा येतो कुठून?

बोअर मारून. हिऱ्याचे कण लावलेला पोकळ बिट जमिनीत फिरत जातो आणि आतून दगडाची कांडी बाहेर येते. तिला कोअर म्हणतात. नेहमीच्या 'एनक्यू' मापाची कांडी ४७.६ मिलिमीटर जाड असते, म्हणजे साधारण मनगटाएवढी. समजा दर शंभर मीटरवर एक बोअर मारला. म्हणजे एका बोअरच्या वाट्याला शंभर बाय शंभर, दहा हजार चौरस मीटर जमीन आली. हिशेब करून बघा, आपण त्या जमिनीचा ५६ लाखावा हिस्सा पाहिला. तीही कांडी उभी चिरून अर्धी पेटीत ठेवतात, अर्धी दळतात, दळलेल्यातून चिमूटभर घेतात आणि शेवटी यंत्रात जातो तो ग्रॅमभर भुगा. त्या भुग्यावरून डोंगराचा भाव.

शितावरून भाताची परीक्षा आपली आजी करायची. पण आजी पातेलं ढवळायची, आणि तिला माहीत असायचं की तळाचा भात आधी शिजतो. डोंगर ढवळता येत नाही.

या अडचणीवर पहिला नीट विचार केला दक्षिण आफ्रिकेतल्या एका खाण अभियंत्याने. डॅनी क्रिग त्याचं नाव. विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत त्याच्या लक्षात आलं की नमुन्यांवरून जे ठोकळे श्रीमंत वाटतात ते प्रत्यक्ष खणल्यावर तेवढे श्रीमंत निघत नाहीत, आणि जे गरीब वाटतात ते थोडे बरे निघतात. एकदा-दोनदा नाही, नेहमीच. यात कोणाची लबाडी नव्हती. पहिल्या चाचणीत ज्याला ९८ मार्क पडले त्याच्या हुशारीत थोडं नशीबही मिसळलेलं असतं, दुसऱ्या चाचणीत तो सहसा थोडा खाली येतो. तसंच ते. पण खाणवाला फक्त 'श्रीमंत' ठोकळेच निवडून खणतो, त्यामुळे त्याच्या पदरी दर वेळी निराशा येते. क्रिगने १९५१ मध्ये हे आकडेशास्त्राने मांडलं आणि दुरुस्तीची रीत दिली. पुढे साठच्या दशकात जॉर्ज माथरों या फ्रेंच गणितज्ञाने त्यावर आख्खं शास्त्र उभं केलं आणि क्रिगच्या सन्मानार्थ पद्धतीला नाव दिलं क्रिजिंग. स्वतःचं नाव देऊ शकला असता, दिलं नाही. या क्षेत्रात भांडणं भरपूर आहेत, पण ही एक गोष्ट मला फार आवडते.

क्रिजिंग समजायला पावसाचं उदाहरण घ्या. तुमच्या गावात पर्जन्यमापक नाही, आजूबाजूच्या सहा गावांत आहेत. तुमच्याकडे किती पाऊस पडला असेल? जवळच्या गावाला जास्त वजन, लांबच्याला कमी, हे कोणीही सांगेल. पण किती जास्त? आणि सहापैकी तीन मापकं एकाच बाजूला शेजारी शेजारी असतील तर? ती तिघं एकच गोष्ट तीनदा सांगतायत, त्यांना तीन मतं देणं चूक आहे. आणि पाऊस डोंगराच्या रांगेच्या दिशेने सारखा असेल, पण रांग ओलांडली की एकदम बदलत असेल तर? क्रिजिंग हे सगळं हिशेबात घेतं. त्यासाठी आधी नमुन्यांच्या जोड्या लावून बघतात: दहा मीटर अंतरावरचे दोन नमुने एकमेकांपासून सरासरी किती वेगळे, पन्नास मीटरवरचे किती, दोनशे मीटरवरचे किती. या आलेखाला व्हॅरिओग्राम म्हणतात. एका अंतरापुढे तो सपाट होतो, म्हणजे तिथून पुढे शेजाऱ्याचा शेजाऱ्याशी संबंध संपला. आणि अंतर जवळजवळ शून्य असतानाही जो फरक उरतो त्याला 'नगेट इफेक्ट' म्हणतात, कारण सोन्याच्या खाणीत एका नमुन्यात गोटी सापडते आणि हातभर अंतरावरच्या नमुन्यात काहीच नसतं.

(थोडं विषयांतर. या विषयाचं १९८९ चं एक प्रसिद्ध पाठ्यपुस्तक आहे, आयझॅक्स आणि श्रीवास्तव यांचं. त्यातले मोहन श्रीवास्तव टोरांटोत काम करतात. २००३ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की तिथल्या सरकारी लॉटरीच्या एका खरवडायच्या तिकिटावर, न खरवडताच, वर छापलेल्या आकड्यांवरून कुठलं तिकीट लागणार ते बहुतेक वेळा कळतं. त्यांनी हिशेब केला, यातून दिवसाला जेवढे पैसे सुटतील तेवढे आपण सल्ल्याच्या धंद्यातही मिळवतो. मग सरळ लॉटरीवाल्यांना कळवून टाकलं. खेळ बंद झाला. विषयांतर संपलं.)

क्रिजिंगचा एक दोष आहे, तो सगळं गुळगुळीत करतं. सरासरी काढणारी कोणतीही रीत करणारच. समजा दहा ठोकळे आहेत, पाच खरे ५२ टक्क्यांचे, पाच ६२ चे. सरासरी ५७. बोअर विरळ असतील तर क्रिजिंग दहाही ठिकाणी ५७ च्या आसपासचा आकडा देईल. सरासरी बरोबर, त्याबद्दल तक्रार नाही. पण तुम्ही विचारलंत की ५८ च्या वर किती माल आहे, तर मॉडेल सांगेल काहीच नाही, आणि जमीन सांगेल निम्मा. जिथे कायदा ५८ वर रेघ मारतो तिथे हा गुळगुळीतपणा निव्वळ शास्त्रीय तपशील उरत नाही.

आता यंत्रशिक्षण, म्हणजे मशीन लर्निंग. त्याची ताकद वेगळी आहे. क्रिजिंग मुख्यतः जागा बघतं, यंत्र इतर खुणा बघतं. बोअरमध्ये कोणता दगड लागला, ॲल्युमिना किती, सिलिका किती, तापवल्यावर वजन किती घटलं, चुंबकीय मोजणी काय सांगते, वर जांभ्याचा थर किती जाड. या पंधरा-वीस गोष्टींचे आपसांतले वाकडेतिकडे संबंध माणसाच्या डोक्यात मावत नाहीत, 'रँडम फॉरेस्ट'सारख्या पद्धतीला ते सहज पकडता येतात. जांभ्याखालून लोहखनिज सुरू होतं ती सीमा, किंवा भुसभुशीत मालातून कडक पट्टेदार दगडात शिरतो ती सीमा, अशा ठिकाणी क्रिजिंग दोन्हीकडचं मिसळून खिचडी करतं. यंत्र तिथे खरंच चांगलं काम करतं. मी पाहिलंय.

पण यंत्राला भूगोल कळत नाही. त्याला प्रत्येक नमुना सुटा वाटतो. अक्षांश-रेखांश दिले तरी ते त्यांच्याकडे आणखी दोन रकाने म्हणूनच बघतं, मग नकाशावर पायऱ्या-पायऱ्यांचे चौकोनी ठिगळं उमटतात, जे कुठल्याही डोंगरात नसतात. शिवाय रँडम फॉरेस्टला जेवढं दाखवलं त्याच्या वर तो जाऊ शकत नाही. शिकवताना जास्तीत जास्त ६५ दाखवलं असेल तर जन्मात ६६ म्हणणार नाही.

म्हणून दोघांना एकत्र आणतात. मोठा कल यंत्राने सांगायचा, आणि यंत्राचं जे चुकलं, म्हणजे प्रत्येक नमुन्यापाशी खरा आकडा वजा यंत्राचा आकडा, त्या चुकांवर क्रिजिंग करायचं. कारण चुका शेजारी शेजारी सारख्या असतात. एका कोपऱ्यात यंत्र सगळीकडे दोनने कमी सांगत असेल तर तिथल्या नव्या ठिकाणीही ते दोनने कमीच सांगत असणार, घाला त्यात भर. सुनेने भाजी केली आणि सासूने चव बघून मीठ घातलं, एवढंच. आमच्या घरी मीठ मी घालतो, तो भाग वेगळा.

ऐकायला सोपं आहे आणि इथेच सगळी गोम आहे.

गेल्या वर्षी एका ब्लॉकच्या कामात एका कंपनीचं सादरीकरण होतं. नाव घेत नाही. तरुण मुलं, हुशार, स्लाइड्स झकास. "सर, आमच्या मॉडेलची अचूकता नव्वदच्या वर आहे." टेबलाभोवती सगळे खूश. मी विचारलं, चाचणीसाठी नमुने बाजूला कसे काढलेत? मुलगा म्हणाला, रँडम, वीस टक्के.

म्हणजे काय ते बघा. बोअरमधले नमुने एकाखाली एक, मीटरमीटरचे. एकविसावा मीटर यंत्राला शिकवला, बाविसावा परीक्षेला ठेवला, तेविसावा पुन्हा शिकवला. परीक्षेतल्या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंची उत्तरं पोराला आधीच पाठ! नव्वद पडणार नाहीत तर काय पडतील? पण आपल्याला एकविसाव्या आणि तेविसाव्या मीटरच्या मधलं विचारायचंच नाहीये. दोन बोअरच्या मधल्या, कोणीच न पाहिलेल्या शंभर मीटरचं विचारायचंय. त्याची परीक्षा घ्यायची तर आख्खाच्या आख्खा बोअर लपवून ठेवावा लागतो, आणि मग विचारायचं, सांग बाबा इथे काय आहे.

मी तेच करायला सांगितलं. आठवड्याने निकाल आला, अचूकता जवळपास निम्म्यावर. मुलाचा चेहरा पडला होता. मला त्याचं वाईट वाटलं, खरं सांगतो. त्याला हे कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. आकडे एकमेकांचे शेजारी असू शकतात ही गोष्ट दुकानाच्या ग्राहकांवर किंवा मांजरांच्या फोटोंवर शिकलेल्याला सुचत नाही. पुढचं काम आम्ही एकत्र केलं, आणि आता तो मला रात्री अकराला व्हॅरिओग्राम पाठवतो.

दुसरी गोम आणखी बारीक आहे. चुकांवर क्रिजिंग करायचं तर त्या चुका खऱ्या पाहिजेत. ज्या नमुन्यांवर यंत्र शिकलं त्यांच्यावरच त्याच्या चुका मोजल्या तर त्या नगण्य दिसतात, कारण त्याने ते नमुने घोकलेले असतात. मग क्रिजिंगला वाटतं की दुरुस्त करण्यासारखं काही उरलंच नाही, आणि अहवालात लिहिलं जातं की आमच्या अंदाजात चूक अगदी थोडी. चूक थोडी नसते, ती मोजलीच गेलेली नसते. त्यासाठीही नमुना न दाखवता मिळालेली चूक वापरायला हवी. मी पाहिलेल्या अहवालांपैकी बऱ्याच जणांत ही ओळच नसते की चुका कशा काढल्या.

एवढं सगळं नीट केलं तर फायदा किती होतो? त्या ब्लॉकमध्ये नुसत्या क्रिजिंगपेक्षा जोडपद्धत एकंदरीत थोडीच सरस ठरली. सीमांपाशी मात्र स्पष्ट सरस. क्रांती वगैरे काही झाली नाही. आणि ५८ च्या रेघेसाठी आम्ही एक आकडा दिलाच नाही. त्याच नमुन्यांना आणि त्याच व्हॅरिओग्रामला धरून संगणकाकडून शंभर वेगवेगळे, पण सारखेच शक्य असलेले डोंगर तयार करवले, आणि प्रत्येक ठोकळा शंभरातून किती वेळा ५८ च्या वर गेला ते सांगितलं. कुठे ९०, कुठे १०, आणि बऱ्याच ठिकाणी ४०-५०. बैठकीत एका अधिकाऱ्यांनी विचारलं, "अहो पण नक्की किती ते सांगा ना." लोकांना एक आकडा हवा असतो. फाइलीत एकाच आकड्याची चौकट असते.

आता ज्या गोष्टीसाठी ही पोस्ट लिहायला घेतली ती.

कोअर शेडमध्ये आमच्याकडे एक सॅम्पलर काका आहेत. भंडारा जिल्ह्यातले, आयुष्य मँगनीज आणि लोहखनिजाच्या पेट्यांत गेलं. एकदा मी त्या मुलाला घेऊन शेडमध्ये गेलो, म्हटलं आकडे कुठून येतात ते तरी बघ. काकांनी एक पेटी ओढली. पाच फुटांच्या खाचेत कांडी होती दीड-दोन फूट, बाकी रिकामं. काका म्हणाले, "साहेब, जे पाण्यासंगं वाहून गेलं, ते तुमच्या कंप्युटरले कसं दिसन जी?"

समजावून सांगतो. बोअर मारताना बिट थंड ठेवायला पाणी सोडतात. कडक दगडाची कांडी अखंड येते. पण लोहखनिजात एक भुकटीसारखा मऊ प्रकार असतो, निळसर काळा, त्याला 'ब्लू डस्ट' म्हणतात. तो बहुधा सगळ्यात श्रीमंत माल. आणि तोच पाण्याबरोबर वाहून जातो. पेटीत उरतो तो कडक, सिलिकावाला, गरीब भाग. प्रयोगशाळा जे उरलं तेच तपासणार. म्हणजे आकडा खाली झुकलेला, आणि तो झुकाव जिथे माल सर्वांत चांगला नेमका तिथेच. दुसऱ्या प्रकारच्या खाणीत याच्या उलटही होतं, मऊ चिकणमाती धुऊन जाते आणि उरलेला माल आहे त्यापेक्षा चांगला दिसतो.

क्रिजिंग असो की यंत्र की दोघांचं लग्न, जे पेटीत नाही त्याच्याबद्दल यांतलं कोणीही बोलू शकत नाही. उलट यंत्र त्या झुकलेल्या आकड्यांवर इतकं सफाईदार शिकतं की पूर्वी विरळ ठिपक्यांकडे बघून अनुभवी माणसाला जी शंका यायची ती आता येत नाही. रंगीत नकाशा समोर असला की पेटी उघडून बघायला कोण जातंय!

याचं सगळ्यात भयंकर उदाहरण जगाने पाहिलंय. इंडोनेशियातलं बुसांग, कॅनडातली ब्री-एक्स कंपनी. तिथे नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं जात होतं. कांडी अर्धी ठेवायची रीत मोडून जवळजवळ सगळी दळून टाकत, म्हणजे पुन्हा तपासायला काही उरायला नको. जगातल्या सर्वांत मोठ्या सोन्याच्या साठ्यांपैकी एक, असा गाजावाजा झाला, शेअर आकाशाला भिडला. १९९७ मध्ये दुसऱ्या कंपनीने शेजारीच बोअर मारून पाहिले तर सोनं नावालाही नाही. अब्जावधी डॉलर बुडाले, त्यात शिक्षकांच्या आणि कामगारांच्या पेन्शनचे पैसे होते. गणितात चूक नव्हती. नमुने खोटे होते. त्यानंतर कॅनडाने २००१ मध्ये नियम आणला की साठ्याच्या अहवालावर पात्र व्यक्तीने नावानिशी जबाबदारी घ्यायची.

आपल्याकडे लबाडीपेक्षा आळसाची भीती मला जास्त वाटते. कोअर किती टक्के हाती आली हा रकाना प्रत्येक नोंदवहीत असतो. तो अहवालाच्या शेवटच्या परिशिष्टात जातो आणि मॉडेलमध्ये कधी येतच नाही.

आणि रेघा सरकतात त्याचं काय? २००९ च्या आधी ५५ टक्क्यांखालचं लोहखनिज कागदोपत्री खनिजच नव्हतं. मग इंडियन ब्युरो ऑफ माइन्सने ती किमान मर्यादा ४५ वर आणली. एका अधिसूचनेने गोव्यातले कितीतरी 'कचऱ्याचे' ढीग कागदावर खनिज झाले. त्या ढिगांची ग्रेड टाकताना कोणी नीट मोजली नव्हती, कारण कचरा कोण मोजतो. त्याच ढिगांवरून पुढे मालकी कोणाची, उचलायचे कोणी, रॉयल्टी कशावर, असे वाद झाले, आणि पावसाळ्यात त्यांची माती खालच्या शेतात जायची ती गेलीच. मी स्वतः चिखलाने भरलेली भातखाचरं पाहिली आहेत. खाचरवाल्याला ४५ आणि ५५ मधला फरक समजावून सांगायची माझी कधी हिंमत झाली नाही. आज ज्याला आपण नापीक दगड म्हणून मॉडेलमधून वगळतोय तो उद्या खनिज ठरेल, तेव्हा आजची मोजणी लागेल.

त्यामुळे माझं मागणं साधं आहे. लिलावाच्या ब्लॉकचं पूर्वेक्षण बहुतेक वेळा सार्वजनिक पैशातून होतं. मग साठ्याचा जो आकडा जाहीर होतो त्याच्याबरोबर परीक्षा कशी घेतली, आख्खे बोअर लपवून की नमुने विस्कटून, हे एका ओळीत लिहा. चूक किती असू शकते तो पल्ला लिहा. बोअरवार कोअर किती टक्के मिळाली ते पहिल्या पानावर लिहा. आणि अर्धी कांडी पेटीत जपून ठेवा, शेडचं छप्पर गळत असेल तर त्याला आधी पैसे द्या, सॉफ्टवेअरचं लायसन नंतर घ्या. ग्रामसभेत कोणी हे विचारलं तर "तांत्रिक बाब आहे" म्हणून त्याला बसवू नका. तांत्रिक आहे म्हणून तर विचारतोय तो.

कोणी म्हणेल, एवढं सगळं उघड केलं तर बोली लावणारे घाबरतील. उलट आहे. आज ते आकड्यावर विश्वास नाही म्हणून स्वतःच मनात काही टक्के कापून बोली लावतात. अनिश्चितता लपवली म्हणून ती कमी होत नाही, तिची किंमत फक्त सरकारच्या खात्यातून जाते.

आमच्या ब्लॉकचं पुढे काय झालं विचाराल तर, काकांच्या त्या पेटीनंतर मी चार ठिकाणी जुन्या बोअरच्या अगदी शेजारी नवे बोअर मारायची मागणी लावून धरली. पाणी कमी वापरून, कांडी आत प्लास्टिकच्या नळीत धरून ठेवणाऱ्या पद्धतीने. खर्च वाढतो म्हणून दोन महिने फाइल फिरली, शेवटी मंजूर झाली. काकांनी स्वतः उभं राहून पेट्या भरून घेतल्या, रिकामी खाच फार कमी राहिली. आणि त्या मुलाने पहिल्यांदाच 'कोअर किती मिळाली' हा रकाना मॉडेलमध्ये घेतला. नमुने प्रयोगशाळेत आहेत. दिवाळीनंतर आकडे येतील म्हणतात.